रविवारी मॅग्मा का बसतो

२ जानेवारी
नवा संकल्प. यंदा आमचा किलाउएआ ज्वालामुखी कधी फुटणार ते जगात सगळ्यात आधी मी सांगणार. वेधशाळेत तीस वर्षं खड्डे खणले, बॅटऱ्या बदलल्या, पण "वेंडेल, तुला काय वाटतं?" असं कुणी एकदाही विचारलं नाही. आता रिटायर झालोय, आता विचारतील. भंगारातून एक टिल्टमीटर मिळवलं. खाली मॅग्मा साचला की डोंगर फुगतो आणि जमीन तसूभर कलते, ते हे टिपतं. घरामागे पुरलं, पावसाच्या पाण्याच्या टाकीला अगदी खेटून. टाकीची सावली मिळते, ऊन लागत नाही. अनुभव म्हणतात तो हा.
दुसरा संकल्प: स्पॅमची मुसुबी, म्हणजे भाताच्या वडीवर डबाबंद मांसाचा तुकडा, दिवसाला एकच. आज तीन झाल्या, पण खणायचं काम होतं.

५ जानेवारी
रात्रभर धो धो पाऊस. आज जमीन फुगली! सिद्धान्त सुचला: मॅग्माला पाऊस आवडतो. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? थेल्माला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, टाकी भरली. बायकोला विज्ञानात रस नाही.

११ जानेवारी, रविवार
चर्चमधून येऊन बघतो तर जमीन धाडकन खाली! मागच्या रविवारीही हेच झालं होतं. पुआला फोन लावला. ही पोरगी माझ्या हाताखाली बॅटरी बदलायला शिकली, आज वेधशाळेची प्रमुख आहे. म्हणाली, अंकल, आमची यंत्रं तर गप्प आहेत, तुमच्या यंत्राच्या आसपास काय आहे? म्हटलं, नेचं. मग सिद्धान्त समजावू लागलो तर तिला मीटिंग आठवली.
रविवारी मॅग्मा का बसतो? विचार करायला बसलो तर थेल्माच्या वॉशिंग मशीनची घरघर. म्हटलं, बंद कर ते, डोकं चालेना. तिने कपाळावर हात मारला आणि बंद केलं. आणि काय आश्चर्य, त्याच क्षणी उतारही थांबला! निसर्गालाही शांतता लागते हेच खरं.
मुसुबी चार. डोक्याला खुराक हवा.

१८ जानेवारी, रविवार
मुक्कामाला तिघी मेव्हण्या. सकाळपासून बाथरूम काही रिकामं होत नाही. केस धुणं चाललंय की गाई धुणं, कळेना. मला मात्र त्याचं काही नाही, कारण यंत्रावर आजवरचा सगळ्यात मोठा उतार! आनंदाने उडी मारली, धाकट्या मेव्हणीच्या पायावर पडली.

२५ जानेवारी
पाऊस गायब. जमीन रोज थोडी थोडी बसतेय. घाबरायचं नाही. एडका मागे सरतो तो टक्कर द्यायलाच. म्हणजे स्फोट जवळ आला!
थेल्माचं वेगळंच. टाकीने तळ गाठलाय, शनिवारी नातीचा पहिला वाढदिवस, अख्खं गाव लुआउच्या मेजवानीला येणार, पाण्याचा टँकर सांग. म्हटलं, तूच सांग. मी इतिहासात गुंतलोय.

३१ जानेवारी, लुआउचा दिवस
सकाळ. आठ वाजता मागच्या गल्लीत कुणीतरी लॉरी आणून भोंगा वाजवत होता. खिडकीतूनच ओरडलो, जे करायचं ते कर बाबा! कारण समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर यंत्राची रेघ वर, वर, सारखी वर! तीस वर्षांत असा फुगवटा पाहिला नाही. नाचलोसुद्धा.
मग जबाबदारी आठवली. मांडवात शिरलो आणि ओरडलो, सगळे खाली हिलो शहरात चला, आत्ता! लेहुआ, माझी मुलगी, म्हणाली, डॅडी, डुक्कर पहाटेच खड्ड्यात तापल्या दगडांवर भाजायला पुरलंय, ते कोण बघणार? म्हटलं, लाव्हा बघेल. चाळीस गाड्यांची रांग निघाली. सगळ्यात पुढे मी.
संध्याकाळ. हिलोत पाऊस. केक सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये कापला. नात रडली. स्फोट अजून नाही. येईल.

१ फेब्रुवारी
नाही आला. डुक्कर उकरलं तर निव्वळ कोळसा. लेहुआ बोलत नाही.
पुआ स्वतः आली. यंत्र पाहिलं, टाकी पाहिली, टाकीवर बोटाने टकटक केलं. मग टाकीचा नळ सोडला. रेघ खाली. नळ बंद. रेघ थांबली. मऊ आवाजात म्हणाली, अंकल, टाकी भरली की वजनाने जमीन तिकडे कलते. पाणी मोजायचं इतकं भारी मीटर साऱ्या बेटावर कुणाकडे नसेल हं.
थेल्मा इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
रात्री मार्ग सुचला. दोष यंत्राचा नाही, पाण्याचा. पाणीच काढून टाकू! मग उरेल तो शुद्ध मॅग्मा.

२ फेब्रुवारी
टाकी रिकामी केली. थेल्मा म्हणाली, परवाच विकत घेतलेलं पाणी रे, वेड्या! बॅग भरून बहिणीकडे गेली. टाकीत पाणी आलं की कळव, म्हणाली. टाकीचा पंप कोरडा जळू नये म्हणून फ्यूज काढून ठेवला. संसाराची काळजी मलाच.

४ फेब्रुवारी
विजय! पडद्यावर रेघ सरळ, केसभर हलत नाही. अर्थ स्पष्ट आहे, ज्वालामुखी गाढ झोपलाय. पुआला कळवलं. ती म्हणाली, अंकल, आमच्याकडे मात्र जमीन फुगतेय. म्हटलं, तुमच्या यंत्रांच्या आसपास काय आहे ते बघ.

६ फेब्रुवारी
संध्याकाळी सार्वजनिक नळावर. दोन कॅन घेऊन रांगेत. पुढच्या म्हातारीने विचारलं, तू वेधशाळेतला ना रे? डोंगरातली देवी, आपली पेलेआजी, कधी उठायची?
अखेर कुणीतरी विचारलं! डोंगराकडे पाठ करून सगळ्या रांगेला समजावलं की ईस्टरपर्यंत नाव नको, माझं यंत्र सांगतंय. लोक एकटक बघत राहिले. चेहरे लाल झाले. तोंडं उघडी पडली. काहींनी फोन काढून फोटो घेतले, तेव्हा मी शर्ट नीट केला.
म्हातारी म्हणाली, पोरा, तुझं झालं असेल तर मागे बघ.
झाडांच्या वर लाव्हाचं कारंजं. केवढं! रडूच आलं. डोळे पुसायला रुमाल म्हातारीने दिला.
पुआचा फोन. अंकल, तिकडून दिसतंय का? म्हटलं, छान दिसतंय.
घरी आल्यावर उलगडा झाला. यंत्र आणि पंप एकाच फ्यूजवर, यंत्र चार दिवस बंदच. म्हणजे यंत्राची चूक नव्हतीच.
थेल्माला फोन केला. म्हटलं, फुटला! परत ये!
म्हणाली, दिसतोय की इथूनही. टाकीत पाणी आलं का?