चंद्रभागेची चांदणी

॥ श्री ॥

मी, कौसल्या दत्तोपंत हळ्याळकर, वय त्र्याहत्तर, काम घरकाम आणि टॅटिंगची लेस, राहणार माळमड्डी, धारवाड, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणी मागे लागलेलं नसताना हा कागद स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे याचा पुरावा म्हणजे गॅस बंद केला की नाही हे आज मी एकदाच जाऊन बघितलं. शेजारचे निवृत्त वकील राघवेंद्रराव म्हणाले, "कौसल्याबाई, 'स्थावर-जंगम मिळकत' असा शब्द कुठेतरी यायला हवा." तो आला. कागद कन्नडात केला तर कचेरीत सोपं पडेल असंही ते म्हणाले. मी म्हटलं, मेल्यावर तुम्ही काय ते भाषांतर करा, जिवंत आहे तोवर मराठीत लिहिते. माझी शाळा दुसरीपर्यंत. चुका सापडतील त्या माझ्याच धराव्यात, मुलाच्या नव्हे.

कलम १. माळमड्डीचं घर, पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचं अंगण, माझा मुलगा प्रभंजन याला. त्याचं वर्कशॉप गोकुळ रोडला, स्वतःचं घर रायापूरला, माझ्यासाठी बायको-मुलीला घेऊन सध्या इथे राहतो, पण माझ्यामागे राहणार नाही हे मला माहीत आहे. विकलं तरी माझा आत्मा घुटमळणार नाही. या घरात घुटमळायला दुसरं कुणी आधीच आहे, ते पुढे लिहीनच.

कलम २. बँकेत काय आहे ते पासबुकात आहे, तेही प्रभंजनचं. पाटल्या सून सविताला. ती माझ्या चहात साखर घालत नाही. माझ्या भल्यासाठीच करते हे कळतं, तरी राग आहे तो आहेच, आणि पाटल्या देताना तो वजा करत नाही.

कलम ३. समोरच्या वेणूबाईंनी ज्या वर्षी आमच्या गल्लीत टीव्ही आला त्या वर्षी माझी बारीक क्रोशाची सुई "उद्या देते की हो" म्हणून नेली. ती सुई मी त्यांनाच देते. म्हणजे आता तरी मला बघून त्यांनी दार लोटून घेऊ नये.

कलम ४. माझी सात शटलं नात स्मृतीला. शटल म्हणजे बोटभर लांब, नावेसारखं, पोटात धागा गुंडाळलेलं. डाव्या हाताच्या बोटांवर धागा ताणायचा आणि हे त्याच्या खालून-वरून फिरवत गाठी घालायच्या. गाठींची कडी होते, कड्यांची लेस होते. त्यालाच टॅटिंग म्हणतात. पाच वर्षांपूर्वी माझा उजवा हात थरथरायला लागला आणि शटल सुटायला लागलं.

कॉम्प्युटरही स्मृतीलाच. तो मुळात प्रभंजनच्या वर्कशॉपमधला जुना. आला तेव्हा त्याच्या पोटात लोखंडाचा भुगा होता, मी लुगड्याच्या चिंधीने पुसला. स्मृतीने त्यात फोटो सुधारायचं फोटोशॉप घालून दिलं. म्हणाली, "आज्जी, तुमच्या लेसच्या आकृत्या काढून ठेवू या. तुमच्या बोटांशिवाय कुठेच लिहिलेल्या नाहीत त्या."

मी म्हटलं, "अगं, मला पेन्सिल धरवत नाही."

"माउस धरायचा नसतो, नुसता हात ठेवायचा असतो."

आणि खरंच की! हात थरथरला तरी चालतं. कडी काढायची म्हणजे गोल ओढायचा, एक कडी नीट जमली की तिचीच प्रत करायची, फिरवायची, शेजारी बसवायची. सहा पाकळ्यांचं फूल चहा निवायच्या आत. चुकलं तर मागे जाता येतं, एक पाऊल, दोन पावलं, वीस. माझ्या अख्ख्या आयुष्यात अशी सोय कुणी केली नव्हती. प्रभंजन दारातून विचारायचा, "आई, जेवायला येणार की वाढून तिथेच आणू?" मी म्हणायची, "तिथेच आण." इतकी खूश मी लग्नातसुद्धा नव्हते. (हे राघवेंद्रराव खोडा म्हणाले. खोडत नाही.)

कलम ५. अशा अकरा आकृत्या झाल्या आहेत. प्रत्येक कडीत किती गाठी, कुठे जोडायचं, सगळे आकडे घातलेले आहेत. ज्या बाईला शिकायचं असेल तिला स्मृतीने छापून द्याव्यात, तोंड वाकडं करू नये.

कलम ६. हे कलम बाराव्या आकृतीचं, म्हणजे चांदणीच्या लेसचं आहे, आणि याच्यासाठीच हा कागद लिहायला घेतला.

माझी नणंद चंद्रभागा माझ्याहून चार वर्षांनी लहान. टॅटिंग तिला मिशनच्या बाईंनी शिकवलं आणि मला तिने. तिचा हात असा चालायचा की गाठ दिसायची नाही, नुसता आवाज यायचा, शटलच्या टोकावरून धागा निसटल्याचा, टक, टक. माझी कडी बघून ती म्हणायची, "वहिनी, तुमच्या बोटांना अजून कणीक लागलीय काय?" सासूबाई हसायच्या. हा माझा तिच्यावरचा एकुलता एक राग. एकच होता पण मी त्याला नीट खाऊपिऊ घालून वाढवला.

साठ साली ती अळणावरहून पहिल्या बाळंतपणाला आली. पोट मोठं, खाली वाकवेना. मागच्या अंगणात उन्हात न्हालेले केस मोकळे सोडून बसायची आणि लेस विणायची, आणि मी मागे बसून तिची वेणी घालायची. तेव्हा तिने ही गोल चांदणी केली, मधे एक कडी आणि भोवती सोळा. मुलगी झाली. बाराव्या दिवशी चंद्रभागा गेली. मुलीला अळणावरच्या आजीने नेलं. तिचं नाव भाग्यलक्ष्मी.

पुढच्या वर्षी महिला मंडळाचं प्रदर्शन होतं. ट्रंकेतून चांदणी काढून मी नेली. टेबलावरच्या बाईंनी वही उघडली, "नाव?" म्हणाल्या. त्यांना लेसचं नाव हवं होतं की करणारीचं, मी विचारलं नाही. माझं सांगितलं. पहिलं बक्षीस आलं. तेव्हापासून धारवाडात ती 'कौसल्याबाईंची चांदणी'. कितीतरी मुलींना शिकवली. एकीलाही सांगितलं नाही.

शहाण्णव साली भाग्यलक्ष्मी स्वतः आली. छत्तीस वर्षांची बाई, कपाळ आईचं. तिच्या आईचा एक फोटो कुठे नाही, ना आमच्याकडे ना अळणावरला. चहा घेऊन झाल्यावर तिने हळूच विचारलं, "मामी, आईच्या हातचं काही उरलंय का हो? काहीही चालेल. एखादी पिशवी, एखादं फडकं."

मी म्हटलं, "एनू इल्ल." काही नाही. खोटं बोलायचं झालं की माझ्या तोंडात कन्नड येतं. तिने मराठीत विचारलं होतं. ती उठली, मला नमस्कार केला आणि साडेपाचच्या गाडीने गेली.

या वर्षी बारावी आकृती करायची म्हणून स्मृतीने चांदणी काचेखालून काढून स्कॅनरवर ठेवली. आकृतीची रीत अशी की खाली लेसचा फोटो, त्याच्यावर काचेसारखा कोरा थर, त्या थरावर आपण रेघा ओढायच्या. प्रत्येक थराला बाजूला एक डोळा असतो. डोळा मिटला की तो थर जातो, उघडला की परत येतो. मी फोटो चौपट मोठा केला. नवव्या कडीत, गाठींच्या आत, काहीतरी काळं होतं.

केस होता. गाठींमधून आत-बाहेर गेलेला, एक टोक बाहेर. सत्तेचाळीस वर्षं मी ती लेस धुतली, खळ घातली, इस्त्री फिरवली. बिनचष्म्याच्या डोळ्यांना दिसला नव्हता.

पांढरा रंग घेतला आणि झाकून टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी उघडलं तर केस तिथेच. परत झाकला, जाड. तिसऱ्या दिवशी तिथेच. देवापुढे उदबत्ती लावून आले आणि परत झाकला. चौथ्या दिवशीही. सविता झोपलेली, घरात कुणाची हालचाल नाही, आणि मी माउसचं बटण एकदा दाबायची तर आवाज दोनदा यायचा. टक, टक. एक माझा. दुसरा मागून, वेणी घालायला मी तिच्या पाठीमागे बसायची तितक्या अंतरावरून. आता पाठ माझी होती.

शेवटी स्मृतीला सांगितलं. ती हसली. "आज्जी, पांढरा रंग तुम्ही रोज वर नव्या कोऱ्या थरावर लावता. मी रोज संध्याकाळी आकडे तपासायला त्या थराचा डोळा मिटते आणि तसंच ठेवून देते. खालचा फोटो आहे तसाच आहे. थांबा, मी खालीच पुसून टाकते, एका मिनिटाचं काम." तिने खालचा थर धरला, खोडायचं चिन्ह घेतलं आणि केसाच्या टोकावर नेलं.

मी तिचा हात धरला. "साकु," म्हटलं. "पुरे. तो पुसू नकोस. ती माणूस आहे."

मग त्या पोरीला सगळं सांगितलं. तिने माउस बाजूला सारला. नंतर एवढंच म्हणाली, "आणि भाग्यलक्ष्मीआत्यांना?"

म्हणून मी सहावं कलम लिहिलं होतं ते असं: 'चांदणी लेस, केसासकट, माझ्या मृत्यूनंतर चंद्रभागेची मुलगी भाग्यलक्ष्मी हिला द्यावी. आकृतीवरचं माझं नाव काढून चंद्रभागेचं घालावं.' राघवेंद्ररावांनी वाचलं, "कायद्याने ठीक आहे," म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले.

स्मृतीने मला न विचारता अळणावरला फोन केला. मागच्या रविवारी भाग्यलक्ष्मी आली. आता केस पिकलेत. मी तिला आधी लेस दाखवली नाही, धीर झाला नाही. कॉम्प्युटरवर फोटो दाखवला. ती वाकून बघत राहिली. पडद्यावर बोट ठेवलं, केसाच्या टोकापासून गाठीपर्यंत नेलं, परत मागे आणलं.

"किती लांब होते हो तिचे?"

"बसली की जमिनीला टेकायचे."

"मामी, मी आले होते तेव्हा हे कुठे होतं?"

"टीपॉयच्या काचेखाली."

"कुठल्या टीपॉयच्या?"

"तुझी कपबशी होती त्याच."

ती खुर्चीवर बसली. मी घाईघाईने हा कागद पुढे केला, सहावं कलम दाखवलं, म्हटलं, बघ, तुझ्याच नावाने लिहिलंय, सगळं लिहिलंय. तिने वाचलं. रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"म्हणजे मी आता घरी जाऊन तुमच्या मरणाची वाट बघत बसू काय?" ती म्हणाली. "आईची बघता आली नाही, म्हणून तुमची? मला नको असलं देणं. आत्ता द्या, नाहीतर तुमच्या चितेवर घाला."

मी दिली. हात थरथरत होता, तिने खालून तळवा धरला. पातळ कागदात गुंडाळून तिने ती पिशवीत नाही, पदराच्या गाठीत बांधली.

म्हणून कलम ६ रद्द. राघवेंद्रराव म्हणाले, एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. तशीच मारली आहे. जे माझं कधी नव्हतंच ते मेल्यावर देण्याचा अधिकार मला नाही, एवढं त्याच्या जागी वाचावं. आकृतीवरचं नाव बदलायचं काम मी माझ्या हाताने, माउसने केलं. अक्षर थोडं वाकडं आलं. चालेल.

कलम ७. महिला मंडळाला कळवावं की एकसष्ट सालचं पहिलं बक्षीस चंद्रभागा हिचं. वही राहिली असेल तर त्यात लिहावं. प्रभंजनला लाज वाटेल. वाटू दे.

कलम ८. लेस गेली की दुसरा आवाज थांबेल असं मला वाटलं होतं. थांबलेला नाही. आज हे लिहून झाल्यावर तेरावी आकृती सुरू केली, तर पाठीमागे आहेच, टक. मी मान वळवत नाही. माझी कडी वाकडी आली तर ती हसेल म्हणून आकडे मात्र दोनदा मोजते. माझ्यानंतर त्या खोलीत कुणी बसलं तर भिऊ नये. काम चांगलं झालं तर ती काही करत नाही.

साक्षीदार दोन हवेत. एक राघवेंद्रराव. दुसऱ्यासाठी वेणूबाईंना बोलवू या म्हटलं, तर राघवेंद्रराव म्हणाले, ज्याला या कागदातून काही मिळतं त्याची साक्ष नको, आणि तुम्ही त्यांना सुई दिलीय. भाग्यलक्ष्मी आज परत आली होती, का ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ती म्हणाली, "मग मी करते सही." पेन घेतलं आणि सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली. ती तशीच ठेवावी.

वरचं सगळं मी वाचून, समजून, दोघांच्या देखत सही केली, आणि दोघांनी माझ्या देखत.

धारवाड, दिनांक ६ डिसेंबर २००७

सही: कौसल्या दत्तोपंत हळ्याळकर

साक्षीदार १: राघवेंद्र गुरुनाथ नरगुंदकर, वकील (निवृत्त), माळमड्डी, धारवाड

साक्षीदार २: या कागदातून मला काहीही मिळत नाही. माझं होतं ते मी घेतलं आहे.
भाग्यलक्ष्मी, आईचं नाव चंद्रभागा, राहणार अळणावर