अंगुस्तानासारखी नखं

२ फेब्रुवारी २०१४, रविवार. नेकारसुल्म
रेवाच्या डोक्यात पुन्हा खपल्या. कोंडा कोंडा म्हणत दोन महिने घालवले. आज कानामागे लाल चट्टा दिसला, वर चंदेरी पापुद्रा. हलकेच सोलला तर टिपूसभर रक्त. "मम्मा, एस युक्ट." खाजतंय. एवढं बोलून पुस्तकात परत डोकं. नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये.
असं मी कुठे पाहिलंय ते मला ठाऊक आहे. लिहीत नाही.

४ फेब्रु.
डॉक्टरकडे जायचं म्हणून सकाळी तेल थापून चापूनचोपून दोन वेण्या. मुलगी नीटनेटकी दिसायला हवी. आईची सवय, माझ्या हातात उतरलेली. तेलात सगळे पापुद्रे बसून गेले. डॉक्टरबाईंनी भांग उलगडून पाहिला. एक्झिमा असावा, म्हणाल्या.
"घरात कुणाला त्वचेचा आजार?"
"नाइन." नाही, मीच म्हणाले. पटकन. सुहास शेजारी मान डोलावत होता. त्याला माहीतच नाही. आमच्या लग्नात शकूआत्याला आणलंच नव्हतं.

६ फेब्रु.
शकूआत्या, बाबांची बहीण. लग्नानंतर आठ महिन्यांत माहेरी परत पाठवली. घरात एकच शब्द: 'उष्णता'. ताट वेगळं. टॉवेल वेगळ्या दोरीवर. शिवणाच्या मशीनवर दिवसभर.
मी रेवाएवढी. शाळेचं गॅदरिंग होतं, आई घाईत, आत्या माझी वेणी घालायला बसली. मी किंचाळले, "तू नको! मला होईल!"
तिने फणी खाली ठेवली. बाकी काही नाही. पण ती फणी ठेवल्याचा आवाज

९ फेब्रु., रवि.
रेवाची नखं कापताना पाहिलं. अंगठ्यावर बारीक बारीक खळ्या, टाचणीने टोचल्यासारख्या. आत्याची नखं अशीच, थेट शिवताना बोटात घालायच्या तिच्या अंगुस्तानासारखी. लहानपणी वाटायचं, शिवून शिवून झाली असतील.
सुहासला सगळं सांगितलं. म्हणाला, "पंधरा वर्षांत एकदाही नाही?" मग, "अगं, निदान डॉक्टरला तरी खरं सांग."

१३ फेब्रु.
तेल नाही, केस मोकळे. नखं दाखवली. "माझ्या आत्याला आहे," म्हणाले. बाईंनी भिंगातून डोकं, कोपर, अगदी बेंबीसुद्धा पाहिली. सोरायसिस. पक्कं त्वचेचे डॉक्टर सांगतील, चिठ्ठी दिली. "कुणाकडून कुणाला लागत नाही," हे दोनदा म्हणाल्या. पहिल्यांदा रेवाला. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.
घरी मलम लावलं. लावता लावता रेवाचा प्रश्न, "वारुम हांडशूए?" हातमोजे कशाला?
कधी चढवले मी?
"मलम चिकट आहे गं."

१६ फेब्रु., रवि.
आत्याला फोन केला. स्पीकरवर, मी पोळ्या करत होते. पलीकडे मशीनची खडखड. रेवाचं सांगितलं तशी थांबली.
"नखं माझ्यासारखी का गं?"
"हो."
"मग तेच. लपवू नकोस हो तिला." आणि, "मलम कोण लावतं?"
"मीच."
"नुसत्या हाताने ना?"
तव्यावर पोळी करपायला लागली. रेवा दारात उभी होती, मोकळ्या केसांनी, हातात मलमाची ट्यूब. तिने सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे बघत होती. मी काय सांगते याची वाट बघत.