कान कातरलेले ससे

१४ मार्च १९५५, सोमवार
खुणेचे ससे जाळ्यात येत होते आणि गाववाले ते सोडून देत होते. गावच्या मासू पाटलांनी आज स्वतःच सांगितलं, देशकरांच्या आणि माझ्या समोर.

धानोऱ्याकडच्या या सागाच्या रोपवनात ससे किती, हे काढायला जंगलखात्यानं देशकरांना बोलावलं. ते नागपूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. मला बोलावलं अहवाल वेळेत लिहून द्यायला. वर्तमानपत्रात जन्म गेला. रीत साधी. चाळीस ससे धरले, डाव्या कानाला कातर दिली, सोडले. मग गावाच्या जाळ्यांतून साठ आले. त्यांत कातरलेले दोनच, तिसांत एक; तर आमचे चाळीस हा सगळ्यांचा तिसावा हिस्सा. म्हणजे जंगलात बाराशे.

पाटील म्हणाले, "देवाले सोडलेला जीव तुमाले कसा आनून देऊ, भाऊ?"

इथे नवसाच्या बोकडाचा डावा कान कातरून सोडतात. देशकरांची बायको तेव्हा टायफॉइडनं अंथरुणाला होती. गावानं धरलं, साहेबानं नवस केला.

"मग ते दोन?" मी.

"ते जाळ्यातच मेले होते. त्याइच्यापायी आमी देवाले कोंबडं देल्लं."

 रात्री देशकर अर्ध्या ताटावरून उठून गेले.

१५ मार्च
 सकाळी दे. एकदम: "मी ताडून पाहिलं होतं हो. दोन आठवड्यांचे आकडे वेगवेगळे काढून. जुळत होतं."

जुळणारच. एका आठवड्यात कातरलेला एक, दुसऱ्यात एक. एवढ्याशा सशांवर कुठलाही हिशोब बसतो, चुकीचाही. आम्ही जंगलातले ससे मोजलेच नाहीत. जाळ्यात गुदमरलेले मोजले.

सोडलेले किती, हे विचारायला पाटलांच्या घरी. त्यांची बायको जानोबाई अंगण सारवत होती. "मोजाले आमी मास्तर आहो का? सोडू सोडू जाळं फाटलं, अन् साहेब म्हनते, कमी काऊन आले!" स्वतःच हसली. आम्हाला हसू येईना.

कातरलेले दहा जरी आले असते, तरी आकडा तीनशेच्या आत. आणि बाराशेवर खात्यानं ठरवलंय: रोपं वाचवायला विषाचे हरभरे पेरायचे. रोपवनाच्या कडेनं सगळे मोह. आठ-दहा दिवसांत फुलं गळतील, बायकापोरं खाली बसून वेचतील. पोरं हाती लागेल ते तोंडात—

१६ मार्च
सायकलनं धानोरा. रेंजर सभ्य माणूस. चहा दिला. "बाराशे तुम्हीच लिहिलंत ना? हरभरे शनिवारी दुपारी येतात. नवा आकडा हातात द्या, मी थांबवतो. तोंडी सांगून वरचे ऐकत नाहीत."

येताना चढावर उतरून चालत आलो. 

१८ मार्च, शुक्रवार
नव्यानं धरून खुणा करायला वेळ नाही. जंगलात फिरताहेत त्याच कातरलेल्या सशांवर भिस्त. एकाच सकाळी सगळ्या गावानं जाळी लावायची आणि येईल तो ससा दाखवायचा, सोडायचा नाही.

पाटलांनी विषाचं ऐकलं. मग दे.ना म्हणाले, "देवापाशी या. समद्यांसमोर सांगा, नवस नोता म्हून. मंग आनू."

जानोबाई मधेच: "नवस नोता, तं बाई बरी कशी झाली?"

दे. म्हणाले, औषधानं.

"असंन. पन देवानं आयकलं, अन् बाईवर कोपला तं?"

दे. सायन्सचा माणूस.  परतताना मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मी विडी पेटवली. पुढे म्हणाले, "घरी हिला कळता कामा नये, मी काय बोललो ते." म्हणजे बोलणार आहेत. बहुधा.

उद्या सकाळी गाव देवापाशी जमेल. लोकांनी मानलं तर लगेच जाळी. कोरा कागद काढून ठेवलाय. आकडा हाती आला की रेंजरकडे मी जाणार, सायकलला हवा भरली. हरभऱ्यांचा ट्रक दुपारी.

जानोबाईच्या अंगणातल्या मोहाखाली आज पहिली फुलं पडली. आठ-दहा दिवस म्हटलं होतं मी.