तीन रविवारांची सभा

तीर्थरूप बाबा,

यंदा आम्हाला रशियाचा इतिहास आहे. गेल्या आठवड्यातल्या पेपरात विचारलं होतं, १९०५च्या उठावानंतर झारने लोकांना संसद दिली, ती त्यानेच का बरखास्त केली?

पाठ केलेलं ऐनवेळी आठवेना. आठवली आपली रविवारची सभा. आईने आठवडाभर अबोला धरला, म्हणून तुम्हीच ती सुरू केलीत. जेवणाच्या टेबलाभोवती चौघं, प्रत्येकाला एक मत. पहिल्या रविवारी पडद्यांचा रंग ठरला, दुसऱ्या रविवारी दादाची सायकल. तिसऱ्या रविवारी आई म्हणाली, “मला पुन्हा शिवणवर्गात शिकवायला जायचंय.” तीन हात वर गेले. तुम्ही माझ्याकडे नुसतं पाहिलंत आणि माझा खाली आला. “पुरे हा पोरखेळ,” म्हणालात. चौथा रविवार काही उगवला नाही.

मी लिहिलं, झारला लोकांचं ऐकायचं होतं, मानायचं नव्हतं. सरांनी पैकीच्या पैकी दिले. हाताचं मात्र लिहिलं नाही.

काल होस्टेलवरून फोनवर आईला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, “पाठवू नकोस. सोमवारपासून मी वर्गावर जातेय. त्यांना निघताना दारातून सांगेन.”

तेव्हा हे वहीतच राहू दे.

हात खाली घेतलेली,
तुमची धाकटी