सारखी जोडी

३ फेब्रुवारी

फसवणूक! कॉलेजच्या इंटरनेटसाठी परभणीहून आणलेल्या दोन कन्व्हर्टरपैकी एकावर ए, दुसऱ्यावर बी. जोडी म्हणून घेतले आणि डबे दोन तऱ्हेचे. पालमहून तशीच बसने परत गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ते तसंच येत असतंय—" पुढचं ऐकलं नाही. दोन्ही ए घेऊन आले. मराठीच्या बाईकडे कॉलेजचा संगणक कक्ष दिला की सगळ्यांना वाटतं, हिला काय कळतंय!

डब्यांवर डेड स्टॉक रजिस्टरचे नंबर घातले. ४१२, ४१३. चिठ्ठ्या अक्षरावरच चिकटवाव्या लागल्या. बाकी सगळीकडे हवेची भोकं.

५ फेब्रुवारी

एक डबा जुन्या इमारतीत, दुसरा मैदानापलीकडे संगणक कक्षात. मध्ये काचेची एकच तार. इकडचं इंटरनेट प्रकाश होऊन तिकडे जायचं, तिकडे पुन्हा इंटरनेट व्हायचं. एवढंच. होत नाही.

परीक्षा मंडळाच्या ठेकेदाराचा माणूस आला, बालाजी. लाल प्रकाशाचं पेन इकडून लावलं, तिकडे ठिपका दिसला. "तार चांगली हाय, मॅडम." मग डब्यावरचा दिवा का लागत नाही? "तेच बघायलोय."

बघायलाय!

७ फेब्रुवारी

बारावीची अर्पिता वडलांना घेऊन आली. २२ तारखेला नर्सिंगची प्रवेश परीक्षा, संगणकावर. तिनं पालम केंद्र भरलंय. वडील, भगवानराव, म्हणाले, "इथं असंल तर देऊ द्या. परभणीला न्हाई. थोरली गेली होती, तेवढं पुरं झालं." अर्पिता डब्याकडेच बघत होती.

केंद्र इथेच होईल, मी म्हणाले. कशाच्या जोरावर?

९ फेब्रुवारी

नाही.

१० फेब्रुवारी

बालाजीनं तारेची टोकं पुन्हा कापली, पुन्हा जोडली. उंदीर असेल का, विचारलं. "उंदरानं खाल्ली असती तर लाल दिसला असता का, मॅडम?" आणि हसला!

संध्याकाळी मंडळाला त्याची तक्रार लिहिली. दोन पानं. शेवटचं वाक्य तीनदा खोडलं, मग जमलं — "या यंत्रणेच्या भरवशावर एकाही मुलीचे वर्ष पणाला लावणे योग्य नाही." प्राचार्य म्हणाले, भाषा असावी तर अशी. लगेच पाठवलं.

१३ फेब्रुवारी

बालाजीनं डबा हातात फिरवला. "ही चिठ्ठी कुणी लावली?" नखानं खरवडली. ए. मैदान ओलांडून गेला. तिथेही ए.

"तार एकच हाय ना, मॅडम. ए डबा तेराशे दहावर बोलतोय, पंधराशे पन्नासवर ऐकतोय. बी त्याच्या उलटा. आपले दोघंबी तेराशे दहावरच बोलायलेत. ऐकायला कुणीच न्हाई."

हे आकडे म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांब्या. मी विचारलं, एका बाजूचा प्रकाश वाटेतच बदलून पंधराशे पन्नासचा करता येणार नाही का? (पुन्हा त्या दुकानात जायचं नव्हतं.)

"येतोय की. मोठ्या लाइनींवर असतंय तसलं यंत्र. आपलं कॉलेज इकावं लागंल. तुमी गुमान बी घेऊन या."

दुकानदाराचं वाक्य आठवलं. अर्धंच.

१४ फेब्रुवारी

दुकानदार हसला नाही. तोच बी डबा मागच्या फळीवरून काढून दिला. हसला असता तर बरं झालं असतं.

दुपारी दोन. हिरवा दिवा! "बोलायलेत बघा," बालाजी म्हणाला. अर्पिताला फोन केला. तिकडून नुसतं, "खरंच, मॅडम?"

तक्रारीचं बालाजीला सांगितलं नाही. मंडळाला दुसरं पत्र सोमवारी. आज लिहवत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पत्र लिहायला बसण्याआधीच अर्पिता हॉलतिकीट छापून घ्यायला आली. झटक्यात उघडलं. केंद्र : परभणी.

खाली मंडळाचा खुलासा. पालम केंद्र रद्द. कारणादाखल एकच वाक्य, अवतरणचिन्हांत. अर्पितानं ते मोठ्यानं वाचलं —

"या यंत्रणेच्या भरवशावर एकाही मुलीचे वर्ष पणाला लावणे योग्य नाही."