बंद खोली आणि बिनस्क्रीनचे पंधरा दिवस

३ मे, सकाळी साडेनऊ

बायको गेली. पंधरा दिवसांचं ट्रेनिंग. लॅबमध्ये रक्त तपासायचं नवीन मशीन आलंय, ते शिकायला परगावी. टॅक्सीत बसता बसता दोन कामं सांगितली. एक, मुलांना टॅब, टीव्ही, मोबाईल काही म्हणजे काही दाखवायचं नाही. दोन, आप्पांची खोली रिकामी करायची. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन चार महिने झाले, शाळा सुरू व्हायच्या आत खोली मुलांना द्यायची म्हणाली. तुला जमत नसेल तर तुझ्याच कंपनीतली पोरं बोलावून मी उरकून टाकते, असंही म्हणाली. हे लागलं.

मी पॅकर्स-मूव्हर्समध्ये सुपरवायझर. अकरा वर्षांत लोकांची अख्खी घरं खोक्यांत बसवून हलवली. आप्पांची दहा बाय दहाची खोली म्हणजे डाव्या हातचा मळ. सव्वा तास, चहासकट.

रजा टाकली आहे. रोज ही वही लिहिणार. आप्पा बुकबाइंडर होते, त्यांनी बांधलेल्या वह्या घरात पडून आहेत, वाया कशाला घालवायच्या.

३ मे, दुपारी

मुलांचा प्लॅन तयार. आपण लहान होतो तेव्हा होता का टॅब? खोकी, दोरी, बटणं, झालं. खर्च शून्य. मुलगी नऊ वर्षांची, घरात तिला वकीलबाई म्हणतात, कारण उघड आहे. मुलगा सहा वर्षांचा, बारक्या.

पहिला कार्यक्रम: बबल रॅप फोडणे. गोडाऊनमधून अख्खा रोल आणला होता. दोन तास सहज जातील असा अंदाज.

अकरा मिनिटांत संपवला. बारक्या त्यावर नाचला. खालच्या मजल्यावरच्या रिटायर्ड मास्तरीणबाई वर येऊन विचारून गेल्या, घर पाडताय का म्हणून.

४ मे

खोक्यांचा किल्ला. मोठी खोकी बावीस, टेप चार रोल. मी बुरूज बांधला, तो मलाच फार आवडला. मुलं आत गेली आणि बाहेर येईनात. यश! बायकोला फोनवर सांगितलं. तिने खोलीचं विचारलं. म्हटलं कुलूप जाम आहे, तेल सोडलंय.

तेल उद्या सोडायचं.

५ मे

खेळ: शिफ्टिंग-शिफ्टिंग. माझी स्वतःची कल्पना, पेटंट घ्यायला हरकत नाही. मुलांनी वस्तू पॅक करायच्या, यादी करायची, लेबल लावायचं, खोकं टेपने बंद करायचं. वकीलबाईंची अक्षरं आमच्या ऑफिसातल्या क्लार्कपेक्षा बरी. टॅबही मी त्यातच टाकून पॅक केला, म्हणजे डोळ्यांआड. एका दगडात किती पक्षी ते मोजत नाही.

दुपारी झोप लागली. थोडीशीच. साडेचारपर्यंत.

६ मे

कंपनीची पोरं उरलेली खोकी न्यायला आली. मी बाथरूममध्ये होतो. (मोबाईल बघत नव्हतो. म्हणजे बघत होतो, पण मुलांसमोर बघायचा नाही एवढंच ठरलंय.) पोरांनी किल्ला सोडून रिकामी खोकी नेली, भरलेलीही नेली. लेबल होतं, टेप होती, यादी होती. आमच्या धंद्यात लेबल लावलेलं खोकं कुणी उघडून बघत नाही, उचलतात आणि चालू लागतात. मीच शिकवलंय.

७ मे

आमच्या कंपनीच्या एका गिऱ्हाइकाचा, दाताच्या डॉक्टरांचा, फोन. नव्या घरात सामान लावताना ‘किचन, काच, जपून’ लिहिलेल्या खोक्यात माझ्या चार पँटी, टीव्हीचा रिमोट, एकच चप्पल आणि एक टॅब निघाला. त्यांच्या बायकोला काही भलताच संशय आला होता, तो निस्तरायला अर्धा तास गेला. आमचे साहेब जे बोलले ते वहीत लिहिण्यासारखं नाही. सामान पुढच्या आठवड्यात येईल.

तरी बघा, टॅब घरातच नाही, टीव्ही लागत नाही. माझी योजना किती पक्की निघाली.

८ मे, दुपारी तीन

आज पहिल्यांदा आवाज आला. आप्पांच्या खोलीतून. ठक. मग थोडं थांबून ठक, ठक. आप्पा वहीचा कणा ठोकून बसवायचे तसा. मुलं किल्ल्यात होती, म्हणजे असणार. उठून बघितलं नाही, कारण डोळा लागत होता.

पाण्याचे पाइप. उन्हाने प्रसरण पावतात. शाळेत शिकलोय.

९ मे

घरात खळीचा वास येतोय. आप्पा पीठ शिजवून खळ करायचे, पुठ्ठ्याला लावायला, तो आंबूस गरम वास. लहानपणी शाळेतून आलो की दारातच यायचा. आज जिन्यापर्यंत आला आणि मी किल्ली हातात धरून उभाच राहिलो. मग जोरात गाणं म्हणत आत गेलो. मुलांनी विचारलं बाबा ओरडतोस का.

खिडक्या सगळ्या उघडल्या. संध्याकाळपर्यंत वास गेला. उद्या खोली नक्की. सकाळीच.

१० मे

सकाळी पाठ धरली. वाकून काम करण्यासारखी परिस्थिती नाही.

मास्तरीणबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, तुमचे वडील किती खोकायचे हो बिचारे, परवा दुपारी मला पुन्हा ऐकू आल्यासारखं झालं. वय झालं की असं होतं म्हणून हसल्या. मीही हसलो. घरी येऊन पाणी प्यायलो, दोन ग्लास.

आता स्वयंपाकघरात जायचं तर आप्पांच्या दारावरून जावं लागतं. मी गॅलरीतून जातो. हवेशीर पडतं.

११ मे

डब्यातलं पीठ निम्मं झालंय. किल्ल्याच्या भिंती कमी होत चालल्यात. काल सहा खोकी होती, आज चार. खोलीची किल्ली खिळ्यावर उलटी टांगलेली.

माणूस गेल्यावर पीठ कशाला लागेल त्याला? हे मी काय लिहितोय.

वकीलबाईंना हळूच पाठवलं, खोलीत काही पडलंय का बघून ये म्हणून. मी गॅलरीत थांबलो. ती गेली, आली, आणि शांतपणे म्हणाली, आत कोणी नाहीये बाबा, आजोबा आहेत फक्त.

मी तिला खेळायला पाठवून दिलं. पुढे काही विचारलं नाही. मुलांची कल्पनाशक्ती वाढते आहे, स्क्रीन नसल्याचा फायदा.

१२ मे

आजचा खेळ: शांतता स्पर्धा. जो शेवटी बोलेल तो जिंकला. माझ्या मते हा सगळ्यात उत्तम खेळ, पालकांच्या दृष्टीने. मी पंचाच्या खुर्चीत बसलो. घर चिडीचूप. डोळे मिटले.

आणि आतून खोकला. ओला, लांबलेला, शेवटी तो ‘हं’ करून दम घ्यायचा, अगदी तसाच. मग हाक. शब्द कळले नाहीत. मला कळून घ्यायचे नव्हते.

मी घराबाहेर पडून जिन्यात बसलो. मुलं आत असताना. बाप असा असतो का? तिसऱ्या पायरीवर बसून होतो, सुमारे पंधरा मिनिटं. मग वकीलबाई बाहेर येऊन म्हणाल्या, बाबा तू हरलास.

१३ मे

बायकोचा फोन. मुलं कशी आहेत? मजेत. टॅब मागतात का? नाव काढत नाहीत. खरंच काढत नाहीत, हे खरं आहे. ती थक्कच झाली. कसं जमवलंस म्हणाली. म्हटलं, अनुभव. खोलीचं विचारल्यावर म्हटलं टेप संपलीय. पॅकर्सच्या सुपरवायझरकडे टेप नाही, हे तिने माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाली, अरे, भीती वाटत असेल तर सांग. मी म्हटलं, छे.

१४ मे, दुपारी साडेतीन

झोपलो नाही. नुसता पडलो होतो, डोळे मिटून, पांघरूण डोक्यावर. ठक ठक सुरू झालं. मग खोकला. उठलो. कुठून बळ आलं माहीत नाही. किल्ल्यात डोकावलो, मुलं नाहीत. तेव्हा मात्र पळतच गेलो.

दार अर्धं उघडं. कुलूप कधी जाम नव्हतंच, ते मलाही माहीत होतं.

आत बारक्या आप्पांच्या कॉटवर, आप्पांची शाल पांघरून. खोकत होता. हुबेहूब. खाली पातेलीत खळ, पुठ्ठे, आप्पांची छोटी हातोडी, चार-पाच वाकड्यातिकड्या वह्या बांधून ठेवलेल्या. आजोबांनी शिकवलं होतं म्हणे. दहा दिवस दोघं रोज दुपारी तिथेच. आणि मी काय काय समजून बसलो होतो! मोठ्याने हसायला आलं, इतकं हलकं वाटलं.

मग वकीलबाई दिसल्या. उंबऱ्यावर भिंतीला टेकून बसलेल्या, हातात पुठ्ठ्याचा मोबाईल, अंगठा वरखाली चाललेला. बारक्याने हाक मारली, अरे, येतोस का जरा? तिने मान वर न करता सांगितलं, आलो, दोन मिनिटं. पुन्हा खोकला, पुन्हा हाक. पुन्हा दोन मिनिटं. मग बारक्या गप्प झाला, हात कॉटखाली सोडला. वकीलबाई उठल्या आणि म्हणाल्या, आता तू बाबा हो.

खेळाचं नाव काय, विचारलं. आजोबा-बाबा, म्हणाले.

१५ मे

काल रात्रीचं जेवण मुलांनीच वाढून घेतलं. मला भूक नव्हती.

आप्पा गेले त्या दिवशी मी ऑफिसचं काम करत होतो असं सगळ्यांना सांगितलंय. बायकोलाही. काम नव्हतं. मोबाईलवर एक ट्रक अरुंद रस्त्यावरून रिव्हर्स घेत होता, एका बाजूला दरी. ड्रायव्हर काढतो का नाही ते बघायचं होतं. धंद्यातलंच आहे तसं, ज्ञानात भर. आप्पांनी तीनदा हाक मारली. वकीलबाई तिथेच टेबलावर चित्र रंगवत होती.

डॉक्टर म्हणाले, मोठा झटका होता, दोन मिनिटांनी काही फरक पडला नसता. मी त्यांना दोन मिनिटं सांगितली होती. वीस झाली होती.

ट्रक निघाला का पडला, तेही आता आठवत नाही.

१६ मे

मुलांना म्हटलं हा खेळ बंद. वकीलबाईंनी विचारलं, का? स्क्रीन आहे का यात? पुठ्ठा आहे. खर्चही नाही. नियम दाखव, कुठला मोडला.

मी गॅलरीतून स्वयंपाकघरात गेलो.

१७ मे

टेप आणली. खोकी आणली. मार्कर नवा. पँटी आणि टॅब परत आले, टॅब कपाटावर टाकला. यादी सुरू: १. कॉट. २. शाल. ३. हातोडी. उंबऱ्यावर उभा राहून इथपर्यंत लिहिलं. बारक्या आतून म्हणाला ये ना. म्हटलं पाठ दुखतेय. आत पाय टाकायला पाठ कशाला लागते, असं वकीलबाई म्हणाल्या.

चार महिन्यांत मी या खोलीत एकदाही गेलेलो नाही. त्या दिवशीसुद्धा शेजाऱ्यांना आत पाठवलं होतं. लिहून टाकलं, बरं वाटलं. खरं म्हणजे नाही वाटलं.

उद्या संध्याकाळी ती येतेय.

१८ मे, दुपारी चार

मुलांना विचारलं, मला खेळात घ्याल का? आनंदाने घेतलं. तू बाबा हो, तुला येतंच, म्हणाले. मी म्हटलं, मला आजोबा व्हायचंय. दोघांनी बाजूला जाऊन चर्चा केली. वकीलबाईंनी निकाल दिला: चालेल, पण आत येऊन झोपावं लागेल, आणि बाबा आत आल्याशिवाय आजोबांनी उठायचं नाही. कडक नियम आहे.

गेलो आत. काही झालं नाही. कॉट करकरली. छतावर ओल आलेली आहे, पोपडे धरलेत. आप्पा महिनोन् महिने हेच बघत पडायचे तर. त्यांनी मला एकदा तरी सांगायचं होतं की रंग लावून घे. सांगितलंही असेल.

वही सोबत घेतलीय. बारक्या उंबऱ्यावर बसला, पुठ्ठ्याचा मोबाईल घेऊन. मी म्हटलं, अरे, येतोस का जरा? माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. त्याने वर न बघता सांगितलं, आलो, दोन मिनिटं. उत्तम करतो.

१८ मे, पावणेपाच

बेल वाजली. ती लवकर आली. दोघंही आई आई करत पळाली. हॉलमध्ये बॅगांचा आवाज, पापे, हसणं. पंधरा दिवस दोघांनी काही पाहिलं नाही म्हणून ती त्यांचं कौतुक करतेय. बक्षीस म्हणून तिने आपला मोबाईल दिला. कार्टूनचं संगीत ऐकू येतंय.

तिने तिथूनच विचारलं, खोली झाली का रे? मी आतून सांगितलं, बारक्याला जरा इकडे पाठव. तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला, आलो.

१८ मे, पाच वाजून दहा मिनिटं

उठलो असतो. पण नियम आहे. आणि खरं सांगायचं तर उठवत नाही. उशी ओली झाली आहे, आता ती पालथी करायला हवी.

दोन हाका मारून झाल्या. मुलांचं लक्ष नाही. लहान आहेत, त्यांचा काही दोष नाही.

आता तिसरी मारतो.