तिळाच्या लाडवांचा डबा

एनिस, आयर्लंड, १४ जानेवारी २०२१, संध्याकाळ

शाळेत सगळा वर्ग एका सुरात समुद्राची कविता म्हणायचा. तो गलका आज सकाळपासून कानात आहे. शब्द गेले, चाल राहिली. बेटांचं वेड तिथूनच लागलं असावं.

आधी दक्षिण अमेरिकेतलं लिमा, मग किटो, मग गालापागोस बेटांवर बोटीने फिरत तिथली कासवं, असं सुमनचं नि माझं ठरलं होतं. "बेटांवर बिया नेऊ देत नाहीत म्हणे, म्हणजे तिळाचे लाडूही नाहीत!" असं म्हणत गेल्या संक्रांतीला तिने डबाभर लाडू शेजारच्या पॅटला दिले. मग साथ आली, सहल पुढे गेली. ऑक्टोबरात सुमनच गेली.

लेक विचारते, "बाबा, आज कळवायचंय. जाताय की रद्द करू?" एकट्याने कासवं बघून सांगायचं कुणाला? रद्दच करावं. आज घरात लाडू नाहीत. तो डबा पॅटकडे आहे हे ठाऊक असून कपाटात दोनदा शोधला. का, कोण जाणे.

एवढं लिहिलं आणि बेल वाजली. वर्षभर कुंपण न ओलांडलेला पॅट, मास्क लावून, लांब उभा. उंबऱ्यावर तोच डबा, आत त्याने भाजलेला पाव.

"रिकामा परत द्यायचा नाही, असं बजावलं होतं तिने," तो म्हणाला. "आणि कासवांचे फोटो तू मला दाखवणार, असंही."